शब्दचर्चा : वॉकर म्हणजे चालणारा नव्हे? (आणि मुलतानी मातीतला फुलर)

खडीसाखर
काल मुलतानी मातीचं पाकीट आणलं, मागे बारीक अक्षरात इंग्रजीत फुलर्स अर्थ, म्हणजे फुलरची माती, असं लिहिलेलं. आई चष्मा कपाळावर सरकवून विचारते, हा फुलर कोण गं आणि त्याची माती आपल्याकडे कशी? मी ठोकून दिलं की असेल कोणी साहेब, शोध लावणारा, डिझेल होता तसा. मग रात्री काही झोप येईना म्हणून शोधत बसले तर कळलं की फुलर हे माणसाचं नाव नाहीच, धंद्याचं नाव आहे, आणि त्याच धंद्यावरून इंग्लंडात तीन आडनावं आहेत, फुलर, टकर आणि वॉकर! फुलरचं एक वेळ समजलं पण वॉकर कसा काय त्यात आला? तो तर चालणारा ना? जाणकारांनी प्रकाश टाका, आणि मराठीत या धंद्याला शब्द काय तेही सांगा.

तिसरा_डबा
वॉकर म्हणजे चालणारा, त्यात कसला आलाय प्रकाश. जॉनी वॉकर व्हिस्कीच्या बाटलीवर बघा की, उंच टोपी काठी घेऊन ढांगा टाकत निघालाय तो. कंपनीला माहीत नसेल का स्वतःच्या नावाचा अर्थ 😄

ओसरी
तिसरा डबा, तो बाटलीवरचा माणूस १९०८ साली टॉम ब्राऊन नावाच्या चित्रकाराने काढला, कंपनीचा मूळपुरुष जॉन वॉकर याने स्कॉटलंडात किल्मारनॉकला किराणा दुकान टाकलं १८२० साली, म्हणजे आडनाव आधीचं आणि चालणं नंतरचं. चित्रकाराने आडनावाचा आजचा अर्थ धरला आणि माणसाला चालायला लावलं, बस. पुढे आपल्याकडे बेस्टच्या बसमधे कंडक्टर असलेल्या बद्रुद्दीन काझींना गुरुदत्तने त्याच बाटलीवरून जॉनी वॉकर केलं, म्हणजे स्कॉटलंडातल्या कापडवाल्यांचं आडनाव दारूच्या मार्गाने हिंदी सिनेमात येऊन पोचलं.

आता मूळ प्रश्न. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते कापड म्हणायच्या लायकीचं नसतं, विरविरीत, जाळीसारखं, वर लोकरीतली चरबी आणि विणकराने लावलेलं तेल. ते ओलं करून, माती घालून, तासन् तास तुडवायचं. त्याने दोन कामं होतात, एक तर मळ आणि तेल निघतं, आणि दुसरं म्हणजे कापड आटतं, दाट होतं, इतकं की विणीचे धागे दिसेनासे होतात. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात, ओलावा, ऊब आणि चोळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. हे करणारा तो फुलर. आणि तेल शोषून घेणारी ती माती म्हणजे फुलरची माती. आईंना सांगा साहेब नव्हता, कारागीर होता.

मातीच्या जोडीला अजून एक पदार्थ लागायचा, जेवत असाल तर पुढची दोन वाक्यं सोडा. शिळं मूत्र. त्यात अमोनिया होतो आणि चरबी कापली जाते. रोममधे हे लोक मूत्र गोळा करायचे आणि सम्राट व्हेस्पेशियनने त्याच्यावर कर बसवला, मुलाने नाक मुरडलं तर नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं याला वास येतो का. या रोमन धुवणाऱ्याला लॅटिनमधे फुल्लो म्हणत, इंग्रजीतला फुलर तिथूनच आला. पूर्ण अर्थाच्या फुलशी त्याचं काही नातं नाही, कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगून टाकतो.

वॉकरची गोष्ट वेगळी. जुन्या इंग्रजीत वेआल्कन असं क्रियापद होतं, अर्थ घोळणे, उलथापालथ करणे, गडबडा लोळवणे. समुद्राच्या लाटांच्या घुसळणीलाही जुन्या कवितेत हाच शब्द येतो. कापड घोळणारा तो वेआल्केरे, त्याचा वॉकर. तेव्हा चालण्याला दुसरं क्रियापद होतं, आजच्या गो-चं पूर्वरूप. या शब्दाला चालण्याचा अर्थ चिकटला तो साधारण तेराव्या शतकाच्या आसपास. जर्मनमधे वॉल्कन आजही कापड दाबून आटवणे, त्यात चालणं शिरलंच नाही.

म्हणून जे सगळीकडे लिहिलेलं सापडतं ना, की हे लोक कापडावर चालायचे म्हणून यांना वॉकर म्हणत, ते माझ्या मते उलटं आहे. चालायचे हे खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. नाव पडलं तेव्हा त्या शब्दाचा अर्थ चालणं नव्हताच. ऐकायला छान जुळतं म्हणून सगळे तेच छापतात.

खडीसाखर
बापरे. आणि ही माती लोक तोंडाला लावतात 🙈 मूत्र नाही ना घालत त्यात?? आणि टकर राहिला.

बांधावरून
मराठी शब्द विचारलाय तर सांगतो, मळणे. कणीक मळतो, आणि खळ्यावर बैल गोल गोल फिरवून कणसं तुडवतो ती मळणी. हातानं दाबलं तरी मळणं, पायानं तुडवलं तरी मळणंच. ओसरी म्हणतात तसा त्या वेआल्कनला आपला मळणे एकदम फिट बसतो आणि गंमत बघा कापड मळलं म्हणजे घाण झालं, आणि हा गडी कापड मळून साफ करायचा.

आमच्याकडं घोंगडी मागावरनं उतरली की दाट वाटते ती चिंचोक्याच्या खळीनं, धाग्यालाच खळ देतात. एवढं तुडवून आटवत नाहीत. पण आजीकडं बुरणूस होता एक, तो विणलेलाच नव्हता, लोकर पसरून ओली करून दाबून दाबून केलेला, धागा उभा नाही आडवा नाही, कुठं उसवायचीच सोय नाही. तुमचं ते खवले अडकणं म्हणजे तेच असणार. पावसात घेऊन बसलं तर पाणी वरच्यावर गळून जायचं, वास मात्र मेंढराचा यायचा, तो शेवटपर्यंत गेला नाही.

ओसरी
मळणे! मी रगडणेवर अडकलो होतो, हे शंभर पटीने बरं. मग वॉकर = मळणकर 😄

टकरचं सांगतो. जुन्या इंग्रजीत तूकिअन म्हणजे छळणे, हाल करणे. पुढे त्याचा अर्थ झाला कापड बदडून तयार करणे. याला तर मराठीत तयार शब्द आहे, तिंबणे. कणीक तिंबतात आणि माणसालाही तिंबून काढतात. धुलाईचंही तसंच, कपड्याची पण होते आणि शेजारच्या बंड्याची पण.

एक्सवाटेवर
इथे डेव्हनमधे टकर पायलीचे पन्नास. एक्सेटरला फोर स्ट्रीटवर टकर्स हॉल म्हणून इमारत आहे, १४७१ सालची, विणकर, फुलर आणि कातरणारे यांच्या संघाची. छत लाकडी, उंच. मी पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा वाटलं कोणा टकर घराण्याचा वाडा असेल. मग कळलं की इकडे नैऋत्येला फुलरला टकरच म्हणायचे, म्हणजे तो वाडा नाही तर कारागिरांचं सभागृह. नदीकाठच्या टकिंग मिल नावाच्या जागा पण आहेत, डेव्हन कॉर्नवॉल दोन्हीकडे.

आणि हो, तीन नावं एकाच जागी सहसा मिसळलेली नाहीत, नकाशावर वाटणी आहे. उत्तरेकडे, यॉर्कशायर, लँकेशायर आणि पश्चिम मिडलँड्स, वर स्कॉटलंड, तिथे वॉकर. आग्नेयेकडे ससेक्स, केंट, सफोक अशा भागात फुलर. नैऋत्येला टकर. १८८१ च्या जनगणनेचे आडनाव-नकाशे बघितले तर तोपर्यंत रेल्वे आली, गिरण्या आल्या, लोक पोटासाठी इकडचे तिकडे गेले तरी ही वाटणी दिसते. आपल्याकडे कसं घेवडा म्हटलं की कुठल्या गावचा घेवडा ते विचारावं लागतं, दर पन्नास मैलांवर भाजी तीच आणि नाव वेगळं, तसं हे. फरक एवढाच की तिकडे ते नाव माणसांना चिकटून पुढे गेलं.

तिसरा_डबा
मी हरलो. पण एक आहे, मी कुठेतरी वाचलंय की वॉकर म्हणजे राजाच्या जंगलात गस्त घालणारा रखवालदार. ते खोटं का?

ओसरी
तसा शब्द वापरात होता हे खरं, जंगलातला ठरलेला टापू फिरणारा. पण तो चालण्याचा अर्थ रुळल्यावरचा, आणि आडनाव जिथे दाट आहे तिथे लोकर आहे. अजून एक फाटा, न्यूकॅसलला वॉकर नावाचा भागच आहे, त्याचा अर्थ भिंतीजवळची दलदल, भिंत म्हणजे हेड्रियनची रोमन भिंत. तिथून आलेल्या एखाद्या घराला गावावरून वॉकर मिळालं असेल, पण अशी घरं थोडी.

स्कॉटलंडात आणखी मजा. तिथल्या गेलिक भाषेत फुलरला फूकदर, म्हणून मॅक अन ऊकदर असं आडनाव, म्हणजे फुलरचा मुलगा, त्याचं इंग्रजी करताना लोकांनी सरळ भाषांतर केलं आणि वॉकर झाले. म्हणजे काही वॉकर हे नाव बदललेले. आयर्लंडमधल्या टकरांचंही तसंच काहीसं, त्यातले बरेच मूळचे ओ तूखर, कापडाशी संबंध नाही, नुसता आवाज जवळचा वाटला. म्हणून नकाशा बघताना आयर्लंड वेगळं ठेवायचं. वेल्समधे उलट, तिथे बापाच्या नावावरून आडनाव पडायचं म्हणून धंदा माणसाला चिकटला नाही, गावाला चिकटला. फुलिंगच्या, म्हणजे कापड तुडवायच्या गिरणीला वेल्शमधे पांडी, त्यावरून टॉनीपांडी.

खडीसाखर
गिरणी? म्हणजे तुडवायचं काम मशीनने?

ओसरी
तेच तर. पाणचक्कीवर चालणारे लाकडी घण, चाक फिरलं की एकेक घण उचलायचा आणि धाडकन कुंडातल्या ओल्या कापडावर पडायचा. इंग्लंडात अशा गिरणीच्या अगदी जुन्या नोंदी ११८५ सालच्या आहेत, टेम्पलर सरदारांच्या (धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती संघाच्या) जमिनींच्या पाहणीत, एक यॉर्कशायरमधे टेम्पल न्यूसमला. १९४१ साली एलेनोरा कारस-विल्सन या इतिहासकार बाईंनी मांडलं की ही तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांतीच होती, शहरातला कापडधंदा पाण्याच्या मागे डोंगरी ओढ्यांकडे सरकला. त्यावर पुढे बरेच वाद झाले, पण मला त्यातली एक गोष्ट भारी वाटते. इंग्लंडात आडनावं पक्की होत गेली ती साधारण १२०० ते १४०० मधे. म्हणजे पायाने तुडवणाऱ्याचं काम घण हिसकावून घेत होते नेमकं त्याच काळात तुडवणाऱ्याचं नाव मुलानातवंडांना आडनाव म्हणून मिळत होतं.

एक्सवाटेवर
पायाने तुडवणं पूर्ण गेलं नाही हां, स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर विसाव्या शतकात येईपर्यंत बायका पाटाभोवती बसून ओलं कापड हाताने (कधी पायाने पण) आपटायच्या आणि सोबत गाणी म्हणायच्या. एक पुढे म्हणते, बाकीच्या धरतात, ठेका कापडाचा. जात्यावरच्या ओव्यांची आठवण येते. तिथे शिळं मूत्रही शेवटपर्यंत वापरात होतं.

आणि कापड आटलं की ते वाळवायला लांब लाकडी चौकटीला आकड्यांनी ताणून लावायचे, नाहीतर वेडंवाकडं सुकायचं. त्या आकड्यांवरून इंग्रजीत ऑन टेंटरहुक्स, जीव टांगणीला लागणे. आपली टांगणी आणि त्यांचे आकडे, दोन्हीकडे जीव लटकलेलाच!

हडसनकाठ
अमेरिकेचं मी सांगतो. २०१० च्या जनगणनेत वॉकर ५ लाखांहून जास्त, पहिल्या ३५ आडनावांत. टकर बरेच खाली, फुलर त्याहून खाली. त्यातले साधारण एक तृतीयांश वॉकर कृष्णवर्णीय आहेत. हे ऐकून लोक चकित होतात पण कारण उघड आहे, यॉर्कशायरची लोकर त्यांच्या पूर्वजांनी बघितलीही नसेल, गुलामगिरीच्या काळातून आणि नंतरच्या मुक्तीतून इंग्रजी आडनावं त्यांच्याकडे आली. म्हणून आडनावावरून पणजोबा काय करायचे हे अमेरिकेत सांगता येत नाही.

फुलरचं एक उदाहरण देतो. ससेक्समधे ब्राइटलिंगचे फुलर, लोखंडाच्या भट्ट्या, तोफा ओतायचे, आणि जमैकात ऊसमळे, गुलाम. त्यातला जॉन फुलर, लोक त्याला वेडा जॅक म्हणत, पार्लमेंटमधे गुलामगिरीची बाजू घ्यायचा, आणि मेल्यावर पुरायला चर्चच्या आवारात स्वतःसाठी पिरॅमिड बांधून ठेवला, १८३४ ला गेला, पिरॅमिड अजून आहे. कापड तुडवणाऱ्यांचं आडनाव घेऊन हे कुठल्या कुठे पोचले बघा.

तिसरा_डबा
गेल्या हिवाळ्यात बायकोचा लोकरी स्वेटर मी गरम पाण्याच्या सायकलवर मशीनला लावला, बाहेर आला तो आमच्या चार वर्षांच्या पोराला बसेल असा, आणि इतका जाड की बाही वाकेना. म्हणजे मी पण खवले अडकवणाऱ्यांपैकीच. कुठली जात म्हणायची आमची, वॉकर का टकर?

बांधावरून
भाऊ बायकोनं काय केलं त्यावर ठरतंय. तिंबलं असेल तर तुम्ही कापड, टकर ती 😂

ओसरी
😂 तिसरा डबा, तुमच्याकडून चूक झाली पण पद्धत बरोबर होती. इंग्लिश विणकर मुद्दाम मागावर बरंच रुंद विणायचे, आटणार हे धरूनच. आणि ती माती त्यांना इतकी मोलाची होती की सतराव्या शतकात लोकरीसोबत फुलर्स अर्थ देशाबाहेर न्यायलाही बंदी होती, परदेशी कापडवाल्यांना मिळू नये म्हणून. सरेमधे रेडहिलजवळ, नटफील्डला तिच्या खाणी होत्या.

जाता जाता त्याच कापडाचे बाकीचे सोयरे, लिस्टर आणि डायर म्हणजे रंगारी, वेबस्टर विणकर (शेवटचा स्टर हा मूळचा बायकांसाठीचा प्रत्यय, म्हणजे विणकरीण), आणि शर्मन म्हणजे शिअरमन, कापडावरची लव मोठ्या कात्रीने कातरणारा.

खडीसाखर
सगळ्यांचे आभार, मळणे आणि तिंबणे तर माझ्याकडून पक्कं. आईला सगळं वाचून दाखवलं, मूत्राचा परिच्छेद गाळला तरी तिला संशय आला, मधेच काहीतरी सोडलंस म्हणाली. शेवटी पाकीट हातात घेऊन मला विचारते, म्हणजे मेंढराच्या लोकरीचं तेल काढायची माती तू दर रविवारी तोंडाला फासून बसतेस?