हात चालत नसलेल्या कलाकारावरचा चरित्रपट सुचवा (११० मिनिटांच्या आत)

कुंचला: प्रौढांच्या चित्रकला वर्गाला दाखवायचा आहे. तीसेक जण, त्यात दोघं व्हीलचेअरवर, चार-पाच जणांना कमी ऐकू येतं. नंतर चर्चा आहे, म्हणून लांबी ११० मिनिटांच्या आत. 'अपंगत्वावर मात' छापाचं नको. शरीर साथ देत नसताना काम नेमकं होतं कसं, ते दिसायला हवं.

रीळवेडा: 'माय लेफ्ट फूट' (१९८९), १०३ मिनिटं. डब्लिनचा चित्रकार ख्रिस्ती ब्राउन, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), ताबा काय तो डाव्या पायावर. सुरुवातच बघा: पायाची बोटं रेकॉर्ड कव्हरातून ओढून काढतात, प्लेअरवर ठेवतात, सुई टेकवतात. डॅनियल डे-लुईस आणि ब्रेंडा फ्रिकर दोघांनाही ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

सावनी_क: चित्रकार फ्रीडा कालोवरचा 'फ्रीडा' (२००२) घ्या. १९२५चा बस अपघात, धडाला आवळलेली प्लास्टरची कॉर्सेट, पलंगावर पडून आरशात बघत रंगवलेली स्वचित्रं. १२३ मिनिटं आहे, पण चित्रकारांना दाखवताय ना, मग मिनिटं काय मोजायची!

पाटीपेन्सिल: ११० म्हटलंय त्यांनी. माझंही मत 'माय लेफ्ट फूट'. छोटा ख्रिस्ती पायात खडू धरून जमिनीवर 'मदर' लिहितो तो प्रसंग चर्चेला घ्याच. त्याच्या आत्मचरित्रात पहिलं लिहिलेलं फक्त 'ए' हे अक्षर आहे. सिनेमाने काय वाढवलं आणि का, यावर तासभर बोलता येईल.

उंबरठा: पण धडधाकट नटाने ती भूमिका करावी का? डे-लुईसला डाव्या पायाने जमेना म्हणून बरीच दृश्यं उजव्या पायाने करून आरशातून टिपली आहेत. व्हीलचेअरवरचे प्रेक्षक हे विचारणारच.

रीळवेडा: विचारू देत, चर्चा त्यासाठीच आहे. त्याने काम कमअस्सल ठरत नाही.

मीटरगेज: नटांचं राहू द्या, आधी सबटायटल्स बघा. डब्लिनचे उच्चार, त्यात ख्रिस्तीचं अडखळतं बोलणं. नीट ऐकू येणाऱ्यांनाही लागतील. श्रवणदोष असणाऱ्यांसाठीचा ट्रॅक निवडा, त्यात दाराचा आवाज, संगीत, कोण बोलतंय हेही लिहिलेलं असतं. युरोपातली पाल (PAL, तिथली टीव्ही पद्धत) डिस्क सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने चालते, म्हणजे १०३ मिनिटांचा सिनेमा ९९ मिनिटांत संपतो. त्यावर २४ फ्रेमची सबटायटल फाइल लावली तर शेवटी चार मिनिटं मागे पडते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच या कळांनी फक्त ठरावीक अंतर सरकतं. वाढत जाणारी तफावत काढायला ट्रॅक सिंक्रोनायझेशनमध्ये सबटायटलचा वेग बदला. सुरुवात जुळली म्हणून थांबू नका, शेवटची दहा मिनिटं तपासा. आणि डिस्क घरगुती वापराची असते, जाहीर खेळाला हक्कदाराची परवानगी लागते.

निळीशाई: 'द डायव्हिंग बेल अँड द बटरफ्लाय' (२००७). पक्षाघातानंतर नायकाची फक्त डावी पापणी हलते. समोरची बाई अक्षरं म्हणते, फ्रेंचमध्ये जास्त लागणारी आधी: ई, एस, ए, आर, आय, एन... हव्या त्या अक्षराला पापणी मिटायची. असं अख्खं पुस्तक सांगितलंय.

पाटीपेन्सिल: तो संपादक-लेखक. चित्रकला वर्ग आहे. शिवाय ११२ मिनिटं.

निळीशाई: दिग्दर्शक जुलियन श्नाबेल स्वतः चित्रकार आहे, फ्रेमा बघा. मात्र नायकाचा उजवा डोळा शिवतात ते दृश्य आधी सांगून ठेवा. ते आतून, त्याच्याच नजरेने दाखवलंय, एखाद्याला सहन होत नाही.

सावनी_क: 'फ्रीडा'ला मेकअप आणि संगीताचं ऑस्कर आहे, हे कोणी बोलत नाहीये.

उंबरठा: बसायचं: प्रत्येक व्हीलचेअरला ९० बाय १२० सेंटिमीटर मोकळी जागा, मधल्या रांगेत, शेजारी सोबत्याची खुर्ची. पहिल्या रांगेत कडेला नको, मान वर करून दोन तास बघवत नाही. प्रोजेक्टरची वायर वाटेत आडवी येऊ देऊ नका.

कुंचला: निळीशाईचा फ्रेंच सिनेमा ठरवला. सगळेच सबटायटल्स वाचणार, म्हणजे कमी ऐकू येणारे वेगळे पडणार नाहीत. नायकाच्या मनातला आवाज खोलीतल्या इतरांना ऐकू जात नाही, हे तेवढं सुरुवातीला सांगेन. दोन मिनिटं चर्चेतून कापतो. अक्षरांचा तक्ता मोठा छापून भिंतीवर लावणार आहे.

रीळवेडा: तरी 'माय लेफ्ट फूट'ची डिस्क हाताशी ठेवा.