गोडो आपोआप अपडेट होतं; चालू प्रोजेक्टमध्ये होऊ द्यावं का?

पाटीवाला: आम्ही तिघं मिळून गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आट्यापाट्यांचा टूडी गेम करतोय. दोघांचं गोडो स्टीम या गेम-दुकानावरून, त्यामुळे ४.३ चं ४.४ आपोआप झालं. तिसऱ्याकडे लिनक्सवर झिपमधलं ४.३ आहे. आता गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून तिघांत वाटायचं साधन) प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एकेक डॉट-यूआयडी फाइल दिसतेय. ठेवायच्या की उडवायच्या? आणि दर वेळी नवं घेत राहायचं का? कॉलेजच्या गॅदरिंगला गेम दाखवायचाय.

रात्रपाळी: यूआयडी फाइली मुळीच उडवू नका, गिटमध्ये टाका. ४.४ पासून त्या स्क्रिप्टची ओळख धरून ठेवतात. स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरात गेली तरी सीनला, म्हणजे ती वापरणाऱ्या गेमच्या भागाला, ती सापडते. मात्र एडिटरच्या बाहेरून हलवलीत तर ही फाइलही सोबत न्या.

आता मुख्य मुद्दा. गॅदरिंग होईपर्यंत तिघांनी एकाच आवृत्तीवर राहायचं. दोघं पुढे गेलेच आहेत, तर तिसऱ्यालाही ४.४ वर आणा आणि तिथेच थांबा. तिघांनीही स्टीम सोडून झिपच वापरा, म्हणजे आपोआप अपडेट होणार नाही. इन्स्टॉल करायची भानगड नाही, फोल्डर उघडून थेट चालवायचं. जुनं-नवं शेजारी शेजारी सुखाने नांदतं. ४.४.१ सारखे दुरुस्तीचे अपडेट बिनधास्त घ्या. ४.४ वरून पुढची उडी मात्र गिटमधल्या वेगळ्या ब्रँचवर (प्रोजेक्टच्या वेगळ्या प्रतीवर), आणि एडिटर धोक्याची सूचना दाखवतो ती वाचून.

हे मी जीव तोडून सांगतोय, कारण ३ वरून ४ वर येताना मी प्लेअरची अख्खी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आधी प्लेअरला हलवणाऱ्या 'मूव्ह अँड स्लाइड' या फंक्शनच्या कंसात वेग द्यायचो. ४ मध्ये तो 'व्हेलॉसिटी'त भरायचा आणि कंस रिकामा सोडायचा. थांबून वाट बघायला लावणाऱ्या 'यील्ड'च्या जागी 'अवेट' आलं. एवढा बदल गॅदरिंगच्या तोंडावर कुणालाही झेपणार नाही.

लुआवाली ताई: थोडं वेगळं सांगते. मी मुलांना रोब्लॉक्सवर गेम बनवायला शिकवते. तिथे स्टुडिओ हा त्यांचा एडिटर स्वतःच अपडेट होतो, आवृत्ती धरून बसायची सोयच नाही. तरी वर्ग अडत नाही, कारण तिथली लुआऊ ही भाषा लुआ ५.१ या जुन्या भाषेतून निघालीय आणि जुन्या स्क्रिप्ट मोडू नयेत याची ती काळजी घेते. थोडं थांबायला सांगणारं 'वेट' वापरू नका, 'टास्क डॉट वेट' घ्या असं सांगतात, पण जुनं 'वेट' अजून चालतं. सतत अपडेट वाईट नाहीत. भाषा जुन्या कोडचं काय करते ते बघा. गॅदरिंग झालं की पुढे सरका, वर्षानुवर्षं ४.४ धरून बसू नका.

पाटीवाला: पटलं. मैदानाच्या पाट्या गोडोच्या जुन्या टाइलमॅपमध्ये (चौकोनी तुकडे जोडून मैदान आखायचा नोड, म्हणजे गेमचा घटक) काढल्यात. त्या आत्ताच बदलू का?

रात्रपाळी: नको. ४.३ पासून टाइलमॅपलेयर वापरायला सांगतात, पण जुना नोड चालतो. गॅदरिंगनंतर एडिटरमधूनच त्याचे लेयर वेगळे काढता येतील. आत्ता फक्त एक्सपोर्ट टेम्प्लेट (तयार गेम बाहेर काढायला लागणाऱ्या फाइली) तपासा: ते एडिटरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळायला हवेत, नाहीतर गेम बाहेरच पडणार नाही.