फिल्टरवरची भोकं

‘निदान फिल्टर आणि लाइट सिगारेटी आणून कंपन्यांनी नुकसान थोडं तरी कमी केलं’ हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. खरी लबाडी तर तिथेच आहे. लाइट, म्हणजे ‘सौम्य’ म्हणून विकलेल्या सिगारेटच्या फिल्टरवरचा कागद उजेडात नीट पाहिला तर सुईच्या टोकाएवढ्या भोकांची ओळ दिसते. चाचणीचं यंत्र झुरका घेतं तेव्हा या भोकांतून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि टार (धुरातला डांबरासारखा चिकट, घातक अंश) आणि निकोटीनचे आकडे छान कमी येतात. माणसाची बोटं नि ओठ मात्र नेमके त्या भोकांवरच बसतात. शिवाय तलफ भागेपर्यंत तो जास्त खोल झुरके मारतो, ते वेगळंच. यंत्राला कुठली आलीय तलफ!

कंपन्यांना हे ठाऊक होतं, असं अमेरिकेतल्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ च्या निकालात स्पष्ट नोंदवलंय. खरी माहिती देणाऱ्या जाहिराती स्वखर्चाने छापा, असा आदेशही दिला. अपिलं आणि मजकुरातल्या शब्दांवरची भांडणं इतकी लांबली, की त्या जाहिराती वर्तमानपत्रांत यायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला.