पहिलं मत टाकायचंय, पण हे पक्ष कळंना झालेत बे

विडी_घरकुल_०७:
यंदा मतदार यादीत नाव आलं एकदाचं. पण कोण कुठल्या पक्षात हेच डोक्यात बसंना. शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन, काल एकमेकांना शिव्या देणारे आज एका स्टेजवर. आजीने आयुष्यभर विड्या वळल्या, तिला विचारलं तर ती फक्त लाल बावटा म्हणते. पप्पा यंत्रमागावर आहेत, ते म्हणतात सगळे सारखेच, तू कामाचं बघ. राष्ट्रीय पक्ष, राज्य पक्ष ही काय भानगड असते? आणि पक्ष सोडला तरी आमदारकी कशी टिकते? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात बहुपक्ष पद्धत एवढं एका ओळीत होतं, पुढं काहीच नाही.

निवृत्त_मास्तर:
बाळा, ती एक ओळ शिकवून शिकवून मीच रिटायर झालो. तू आधी मान्यता समजून घे. विधानसभेला 6 टक्के मतं आणि 2 आमदार आले की राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळू शकते, आणखीही वाटा आहेत पण ही सोपी. चार राज्यांत अशी मान्यता असली की पक्ष राष्ट्रीय. ही मान्यता कायमची नसते. एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रवादी, तृणमूल आणि भाकप (भारतीय कम्युनिस्ट पक्ष) यांचा राष्ट्रीय दर्जा गेला, आम आदमी पक्षाला मिळाला. मेघालयाचा एनपीपी, म्हणजे नॅशनल पीपल्स पार्टी, राष्ट्रीय पक्ष आहे हे सोलापुरात किती जणांना माहीत असेल? तो काढणारे संगमा म्हणजे 1999 ला पवारांबरोबर राष्ट्रवादी काढणारेच. मान्यतेचा खरा फायदा चिन्ह राखीव राहतं हा, आणि आपल्याकडं निम्मी निवडणूक चिन्हावरच होते.

माढा_एक्सप्रेस:
चिन्हाचं म्हणताय तर 2024 ची लोकसभा घ्या. घड्याळ अजितदादांकडं गेलं, शरद पवारांना तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. पण मशीनवर दुसऱ्याच उमेदवारांना ट्रम्पेट होतं आणि मराठीत त्याचंही नाव तुतारीच. साताऱ्यात ट्रम्पेटवाल्याला 37 हजार मतं पडली आणि पवारांचा माणूस पडला 32 हजारांनी. आमच्याकडं माढ्यात पण त्या ट्रम्पेटला भरपूर मतं गेली, सीट निघाली म्हणून कोणी बोललं नाही. माझी मावशी मतदान करून आली आणि म्हणते तुतारी दाबली, आता कुठली ते देवालाच ठाऊक.

कोर्टाबाहेर_चहा:
आमदारकीचं मी सांगतो, यात लोक दोन गोष्टींचा काला करतात. चिन्ह आणि नाव कुणाचं हे निवडणूक आयोग ठरवतो, आमदार अपात्र आहे का नाही हे विधानसभा अध्यक्ष ठरवतात. पक्षांतरबंदी 1985 ची. तेव्हा एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, 2003 ला ती पळवाट बंद झाली, आता दोन तृतीयांश घेऊन दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला लागतं. मग 2022 ला काय झालं? शिंदे गटाने आम्ही फुटलोच नाही, आम्हीच शिवसेना असा दावा केला. फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने धनुष्यबाण त्यांना दिला आणि जानेवारी 2024 मध्ये अध्यक्षांनी दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र केलं नाही. कायद्यात कुठंही हे असं लिहिलेलं नाही, पण असं झालं. मला विचारशील तर पटलं नाही, पण माझ्या पटण्याला कोण विचारतंय.

साखर_पेठ:
युतीचं कोणी बोललंच नाही. 2019 ला सोलापूर लोकसभेत भाजप 1 लाख 58 हजारांनी आली आणि प्रकाश आंबेडकर तिसरे, 1 लाख 70 हजार मतं. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे तिथंच पडले. आघाडी का करतात ते यात दिसतं.

माढा_एक्सप्रेस:
ती सगळी मतं काँग्रेसचीच होती हे कोणी सांगितलं तुम्हाला? आंबेडकर नसते तर निम्मे घरी बसले असते.

साखर_पेठ:
बसले असते तरी फरक कमी झाला असता की. बरं सोडा, भांडू नका.

निवृत्त_मास्तर:
आजीच्या लाल बावट्याकडं ये बाळा, तू राहतोस तिथंच धडा आहे. कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत विडी कामगारांनी आडम मास्तरांच्या मागं उभं राहून मिळवली. आडम मास्तर माकपचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, तीनदा आमदार. पुढं रे नगरची घरं आली, 15 हजार, आणि जानेवारी 2024 मध्ये चाव्या दिल्या कोणी तर नरेंद्र मोदींनी. आधी 2019 ला मास्तरांनी त्याच घरांसाठी मोदींचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून काही काळ निलंबित केलं होतं. एका कॉलनीत दोन टोकाचे पक्ष सापडतात, आणि घर मिळालेल्या बाईला विचार मत कुणाला, तर ती तिसऱ्याचंच नाव सांगेल. सांगोल्यात गणपतराव देशमुख शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष), 11 वेळा आमदार. बाकी महाराष्ट्रात शेकाप शोधायला भिंग लागतं. म्हणून तू पक्ष दिल्लीकडून खाली वाचू नकोस, तुझ्या प्रभागातून वर वाच.

विडी_घरकुल_०७:
मास्तर, आजीला वाचून दाखवलं, ती म्हणते मोदींच्या वेळी ऊन लै होतं. आता उमेदवाराचं कुठं बघायचं?

कोर्टाबाहेर_चहा:
लोकसभा-विधानसभेला आयोगाचं 'नो युवर कँडिडेट' ॲप आहे, त्यात प्रतिज्ञापत्र मिळतं. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण सगळं असतंय. लांबलचक असतं, पण गुन्ह्यांचं पान सोडू नको.