नववीला तुकड्या पडल्या आणि एका बाकावरच्या दोघी दोन मजल्यांवर गेल्या

शाहूपुरीची आई (सातारा) यांनी मांडलेला विषय

माझी मुलगी साताऱ्यातील एका हायस्कूलमध्ये नववीत शिकते. पाचवीपासून आठवीपर्यंत ती आणि तिची मैत्रीण एकाच बाकावर बसत होत्या. आठवीच्या वार्षिक गुणांवरून शाळेने यंदा तुकड्या पाडल्या. ‘अ’ सेमी इंग्रजीची झाली आणि ‘ब’ व ‘क’ पूर्ण मराठी माध्यमाच्या राहिल्या. मुलगी ‘अ’मध्ये गेली, मैत्रीण ‘क’मध्ये. जूनमध्ये दोघी रडल्या, तेव्हा शाळा तर एकच आहे, मधल्या सुट्टीत भेटालच की, अशी आम्ही मोठ्यांनी समजूत घातली.

‘अ’चा जादा तास सकाळी असल्यामुळे सायकली वेगवेगळ्या वेळी निघू लागल्या, पण त्याचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते सहामाहीच्या आधीच्या एका रविवारी. दोघी आमच्या बाहेरच्या खोलीत गतीच्या नियमांची उजळणी करायला बसल्या होत्या. एकीच्या पुस्तकात ‘त्वरण’ आणि ‘संवेग’, तर दुसरीच्या पुस्तकात ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘मोमेंटम’. धडा तोच, आकृती तीच, पण प्रत्येक वाक्याला एकीने थांबायचे आणि दुसरीने शब्द जुळवून द्यायचा, असे अर्धा तास चालले. मग मैत्रिणीने वही मिटली आणि ती म्हणाली, ‘‘तू तुझं कर, मी माझं करते.’’ पुढच्या रविवारी ती आली नाही.

गुण कमी-जास्त झाले म्हणून या वयातली मैत्री तुटते, असे मला वाटत नाही. मिळून करायचे काही उरले नाही की ती विरते. सेमीमध्ये इंग्रजीतून शिकवतात ते फक्त विज्ञान आणि गणित. मराठी, हिंदी, इतिहास-भूगोल, चित्रकला, खेळ यांत तिन्ही तुकड्यांत काडीचाही फरक नाही. मग दोन विषयांसाठी मुलींचा अख्खा दिवस का वेगळा करायचा?

कृष्णाकाठ (सांगली, निवृत्त गणित शिक्षक)

ताई, आपली तळमळ समजते, पण मी एकतीस वर्षे खडू हातात धरला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले. नववीच्या वर्गात मी मात्र पासष्ट मुले मोजली आहेत. त्यांतल्या दहा जणांना अपूर्णांकांचा भागाकार येत नसतो आणि दहा जण बहुपदींची उदाहरणे फळ्यावर मांडण्याआधीच सोडवून बसलेले असतात. अशा वर्गात शिक्षक मधल्यांसाठी शिकवतो आणि दोन्ही टोकांची मुले वाऱ्यावर सुटतात.

एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि मायकेल क्रेमर यांनी केनियातील १२१ प्राथमिक शाळांमध्ये केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पातळीनुसार वर्ग केल्यावर वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही गटांतील मुलांची प्रगती त्यात अधिक दिसली, कारण शिक्षकाला समोरच्यांना झेपेल असे शिकवता आले. मैत्री मोलाची आहेच, पण ती जपावी म्हणून वेळापत्रक आखता येत नाही. शिवाय शेजारचीला सगळे येते आणि आपल्याला काहीच येत नाही, हे रोज सहा तास पाहणाऱ्या मुलीच्या मनाचाही विचार व्हायला हवा.

‘ड’मधला बाकडा (तासगाव)

सरांनी दिलेल्या अभ्यासातील एक गोष्ट सांगायची राहिली. केनियात कोणता शिक्षक कोणत्या गटाला मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. आमच्याकडे गणिताचे सर्वांत जाणते सर ‘अ’ला आणि त्या वर्षी नव्याने लागलेले, तासिका तत्त्वावरचे सर ‘ड’ला, हा जणू अलिखित नियम होता. तिथली मुले पहिलीतली होती, हेही ध्यानात ठेवावे. पहिलीतल्या मुलाला तुकडीचे अक्षर चिकटत नाही, चौदाव्या वर्षी ते आडनावासारखे चिकटते.

मी ‘ड’चा. आमच्यात मैत्री घट्ट होती आणि तीस वर्षांनंतरही द्राक्षाच्या छाटणीला आम्ही एकमेकांच्या बागेत जातो, त्यामुळे तुकडीने मैत्री संपते हे आईंचे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. ती फक्त कुंपणाच्या आत होते. ‘अ’मधल्या माझ्या चुलतभावाशी मात्र मी दहावी होईपर्यंत शाळेच्या आवारात बोललो नाही. आमचे भांडण नव्हते. तो त्याच्या मित्रांत असताना मला तिकडे जावेसे वाटत नसे, एवढेच.

चार भिंती (सातारा)

ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढून सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले, तिथे मुलांना गुणांच्या पंगती मांडून बसवावे, याचे वाईट वाटते. सेमीला जाणारी मुले बहुधा खासगी क्लास परवडणाऱ्या घरांतलीच असतात, हे आपण सगळे पाहतो.

कृष्णाकाठ

कर्मवीरांच्या वसतिगृहाचा दाखला इथे ओढून आणू नये, असे मला वाटते. त्यांनी मोडली ती जन्माची भिंत; नववीची तुकडी पुढच्या वर्षी बदलू शकते. पण क्लासच्या फीबद्दल आपण म्हणता ते नाकारता येत नाही. जाणत्या शिक्षकाला ‘अ’ देण्याची रीतही मी पाहिली आहे, आणि खरे सांगायचे तर मला ‘अ’ मिळाली तेव्हा मी ती नाकारली नाही.

शाहूपुरीची आई

सर, तुकडी बदलू शकते हे कागदावर ठीक आहे. नववी मराठीतून केलेली मुलगी दहावीला सेमीत कशी जाईल? पातळी वेगळी ठेवूनही वर्ग एक ठेवता येतो. सीबीएसईने २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताला ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पर्याय दिले. पुस्तक तेच, वर्गातले शिकवणेही तेच, निराळी असते ती प्रश्नपत्रिका. आमच्या शाळेकडून मी इतकेही मागत नाही. गणित-विज्ञानाच्या तासांना मुलांनी आपापल्या गटात जावे आणि बाकीचा दिवस मिसळून बसावे, एवढेच पालक-शिक्षक संघापुढे मांडणार आहे.

कृष्णाकाठ

जरूर मांडा. मात्र त्यासाठी तिन्ही तुकड्यांचे गणित एकाच तासाला लावावे लागेल, म्हणजे एका वेळी गणिताचे तीन शिक्षक हवेत. जिथे दोघेच आहेत तिथे वेळापत्रक लावणाऱ्याला घाम फुटेल. विज्ञानाला प्रयोगशाळाही एकच असते. आणखी एक विचारतो. आपण सारे आपल्या मुलीच्या बाजूने लिहिले आहे. त्या मैत्रिणीला कोणी विचारले का?

शाहूपुरीची आई

सर, आपला प्रश्न वाचून काल विचारले. ती मोती चौकात भाजी घेताना भेटली. थोडी लाजली आणि म्हणाली, ‘‘काकू, ‘क’मध्ये मी गणितात पहिली येते. आधी सर मला कधी फळ्यावर बोलवायचे नाहीत.’’ मग तिने विचारले, ‘‘तिचा जादा तास शनिवारी पण असतो का?’’ असतो, असे मी सांगितले. संघाच्या बैठकीत मी अर्ज देणारच आहे, पण त्यातला ‘गणित-विज्ञान सोडून बाकी तासांना तुकड्या रद्द कराव्यात’ हा पहिला मुद्दा मी आज सकाळी खोडला आणि त्या जागी शनिवारचा तास लिहिला.