ओव्याच्या तेलात फूल धरत नाही, मदत हवी आहे

पाच किलो ओवा जाडसर भरडून वाफेवर तेल काढलं. भट्टी दोन तास चालवली, ११० मिली तेल मिळालं. वास झणझणीत, रंग फिकट पिवळा. पण तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवूनही थायमॉलचे खडे, म्हणजे आपलं ओव्याचं फूल, काही दिसेना. दुकानातून फुलाचा एक कण आणून बियाण्यासारखा टाकला; तासाभरात तोच विरघळला!

तपासणीत थायमॉल ३६ टक्के, गॅमा-टर्पिनिन ३१, पॅरा-सायमिन २४ आलं (हे दोन्ही तेलातले हलके घटक). पानओव्याच्या तेलात भरपूर असणारं कार्व्हाक्रॉल अगदी नावापुरतं, त्यामुळे पानओव्याची भेसळ नसावी. ओवा याच हंगामातला, बंद डब्यातला आहे.

माझा संशय भट्टी चालवण्याच्या वेळेवर आहे. टर्पिनिन आणि सायमिन १८० अंशांच्या आसपास उकळतात, थायमॉल २३२ ला. म्हणजे जड माल मागाहून येतो आणि मी भट्टी लवकर बंद केली असणार. शिवाय थायमॉल पाण्यात लिटरमागे साधारण एक ग्रॅम विरघळतं, आणि तेलाखालचं २५ लिटर पाणी मी ओतून दिलं (आता हळहळ वाटते).

कॉस्टिक सोड्याने थायमॉल वेगळं काढता येतं हे माहीत आहे, पण तेल बाममध्ये वापरायचं असल्याने तो मार्ग नको. हलके घटक उडवून लावायला व्हॅक्यूमचं यंत्रही नाही.

ज्यांनी स्वतः ओवा गाळलाय त्यांना विचारतो: पाच किलोला भट्टी किती तास चालवता? पहिल्या तासाचं तेल वेगळं ठेवलं, तर नंतरच्या तेलात फूल आपोआप धरतं का?