ड्रमसेटचा क्रॅश डोक्याच्या वर कामून टांगायलेत पोरं?

परभणीचा_ठेका:
वरातीत बघा नाहीतर १४ एप्रिलच्या कार्यक्रमात, ड्रमवाले क्रॅश, म्हणजे जोरात ठोकायची ती धातूची थाळी (सिंबल), हात वर ताणून लागेल इतका उंच अन् पार उभा करून ठेवायलेत. फोटो भारी येतो, कबूल. पण दर क्रॅशला अख्खा हात वर जातो अन् गाणं फास्ट असलं की पुढचा स्नेअरचा (समोरच्या छोट्या ड्रमचा) ठोका हमखास मागं पडतो. माझं म्हणणं, खाली घ्या अन् जवळपास सपाट ठेवा.

लातूर_ऑर्केस्ट्रा:
खाली घ्या ठीक, सपाट नको! सपाटवर काठी धारेवर आडवी आदळती अन् कडा चिरती. चांगल्या सिंबलचा धातू बी२०, म्हणजे ८० टक्के तांबं, २० टक्के कथील, आपल्या कास्याच्या ताटाच्याच जातीचं, कडक पण ठिसूळ. थोडं आपल्याकडं झुकवलं की काठी निसटती लागती.

परभणीचा_ठेका:
थोडं झुकवा ना भाऊ, कोण नाही म्हणतंय, मी उभ्याबद्दल बोलायलोय. उभं केलं की सगळं वजन भोकाच्या एकाच बाजूला, त्यात आतली प्लास्टिकची नळी हरवलेली, मग दांड्याचे आटे भोक खात बसतात. अन् वरचा विंग नट (हातानं फिरवायचा पंखवाला) तर असा आवळतात की सिंबल हलतच नाही. हलायला जागा नसली तर मार जिरणार कुठं, तडा जाणारच.

बँजोगाडी_जालना:
तुम्ही स्टेजवाले, तुमचं बरंय. आमचा सेट ट्रॉलीवर, गावातले खड्डे म्हणजे विचारू नका, नट सैल ठेवला की दोन गाण्यांत गळून रस्त्यावर, मग शोधा अंधारात. आम्ही आवळणारच. स्टँड पण सुतळीनं अँगलला बांधतो.

लातूर_ऑर्केस्ट्रा:
आवळण्यापेक्षा वर दुसरा नट टाका की, दोन एकमेकांवर कसले तर गळत नाहीत, खाली सिंबल मोकळंच राहतं. नळी नसली तर सायकलची व्हॉल्व ट्यूब चढवा. अन् स्टँडला बूम (तिरका आडवा दांडा) असला तर तिपाईचा एक पाय बरोबर त्याच्याखाली घ्या, उलटत नाही.

नांदेडी_डावखुरा:
उंचीवर भांडायलात, जागेवर कुणी बोलंना. राईड (ठेका धरायचं मोठं सिंबल) उजवीकडंच पाहिजे असं कुणी सांगितलं? जॅझवाला ड्रमर बिली कॉबम डावीकडं ठेवतो, डाव्या हातानं वाजवतो, हात क्रॉस करायची भानगडच नाही.

परभणीचा_ठेका:
तो कॉबम आहे. आपल्याकडं एकाच सेटवर रात्रीत तिघं बसतात, दर बारीला राईड कोण हलवणार?

बँजोगाडी_जालना:
डबल नट करून बघतो. उंची मात्र कमी करणार नाही, ट्रॉलीवर खाली ठेवला तर गायकाचं डोकं मधी येतंय.